हब-अँड-स्पोक जाळ्यातील डिस्टन्स-व्हेक्टर अपडेट: स्प्लिट होरायझन बंद करण्यापूर्वी काय ठरवावे

मुख्यालयातील एका राउटरला अनेक शाखांचे राउटर जोडलेले असतात आणि शाखांची आपापसांत थेट जोडणी नसते, त्या रचनेला हब-अँड-स्पोक म्हणतात; मुख्यालय हा हब आणि शाखा हे स्पोक. अशा जाळ्यात रिप किंवा ईआयजीआरपी हे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचे डिस्टन्स-व्हेक्टर प्रोटोकॉल सुरू केले की बहुतेक वेळा एकच चित्र समोर येते. मुख्यालयाला सर्व शाखा दिसतात, प्रत्येक शाखेला मुख्यालय दिसते, पण एका शाखेच्या राउटिंग टेबलमध्ये (मार्गांच्या नोंदवहीत) दुसऱ्या शाखेचा पत्ताच नसतो. त्यावर सहसा ‘नो आयपी स्प्लिट-होरायझन’ ही एकच आज्ञा सुचवली जाते; राउटरच्या ज्या जोडणीवरून (इंटरफेसवरून) मार्ग कळला, तिथेच तो पुन्हा न सांगण्याचा नियम ती बंद करते. ती दिल्यावर मार्ग दिसू लागतात हे खरे आहे. परंतु शाखांना मुळात कोणती माहिती हवी आहे याचा निर्णय न घेता ती दिली, तर आज सुटलेला प्रश्न शाखांची संख्या वाढल्यावर अधिक अवघड होऊन परत येतो. माझ्या मते बहुसंख्य जाळ्यांत या नियमाला हात लावण्याचे कारणच नसते. ज्या थोड्या ठिकाणी ते असते, तिथे तो कुठे बंद करायचा आणि कुठे चालूच ठेवायचा हे आधी समजून घ्यायला हवे.

पुढील विवेचनासाठी एक छोटे जाळे डोळ्यांसमोर ठेवू. समजा, मुख्यालय साताऱ्याला आहे आणि कराड, वाई व फलटण येथे शाखा आहेत. चारही राउटर एकाच मल्टिपॉइंट टनेलवर (एका इंटरफेसवरून अनेक टोकांना जोडणाऱ्या आभासी जोडणीवर) असून टनेलचे नेटवर्क १७२.१६.०.०/२४ आहे (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट नेटवर्कचे). साताऱ्याचा पत्ता १७२.१६.०.१ आणि शाखांचे अनुक्रमे .२, .३ व .४ आहेत. मुख्यालयातील लॅन (स्थानिक नेटवर्क) १०.१०.१.०/२४, तर शाखांतील लॅन १०.१०.२.०/२४, १०.१०.३.०/२४ आणि १०.१०.४.०/२४ अशी आहेत. राउटर सिस्को आयओएसवर चालतात असे धरले आहे, कारण खाली दिलेल्या आज्ञा व पूर्वनिर्धारित मूल्ये त्याच प्रणालीची आहेत.

नियम कुठे अडतो

डिस्टन्स-व्हेक्टर पद्धतीत राउटरला संपूर्ण जाळ्याचा नकाशा माहीत नसतो. अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे, एवढेच शेजारी सांगतो आणि त्यावर विश्वास ठेवून पुढचा व्यवहार चालतो. अनोळखी मुलखात गावोगाव वाट विचारत जाणाऱ्या वाटसरूसारखी ही रीत आहे. सांगणाऱ्याला ती वाट स्वतः ठाऊक आहे की त्याने ती आपल्याकडूनच ऐकली आहे, हे विचारणाऱ्याला कळत नाही. ऐकीव माहिती मूळ सांगणाऱ्याकडे नवी म्हणून परत जाऊ नये, यासाठी स्प्लिट होरायझनचा नियम आहे: ज्या इंटरफेसवरून मार्ग शिकला, त्याच इंटरफेसवर तो पुन्हा जाहीर करायचा नाही. १९८८ च्या आरएफसी १०५८ या दस्तऐवजात रिपचे जे वर्णन आले, त्यात हा नियम स्पष्टपणे मांडलेला आहे.

नियमाचा हेतू शेजाऱ्यापुरता आहे, पण त्याची अंमलबजावणी इंटरफेसपुरती होते, आणि सारी अडचण या फरकात आहे. इथरनेटच्या एका तुकड्यावर हा फरक जाणवत नाही, कारण तिथे कराडचे अपडेट वाईला थेट ऐकू येते आणि साताऱ्याने ते पुन्हा सांगण्याची गरज नसते. मल्टिपॉइंट टनेलवर किंवा फ्रेम रिले या पूर्वीच्या जोडणी-सेवेवर मात्र कराडचे अपडेट फक्त साताऱ्यापर्यंत पोहोचते. सातारा ते टनेल इंटरफेसवर शिकतो, वाई आणि फलटणही त्याच इंटरफेसच्या पलीकडे आहेत, म्हणून नियमानुसार तो गप्प राहतो. जे कराडला सांगायचे नव्हते, ते वाईलाही सांगितले जात नाही.

पॉइझन रिव्हर्स वापरल्यानेही हे सुटत नाही. त्या प्रकारात सातारा गप्प राहण्याऐवजी कराडचे नेटवर्क १६ या अंतराने, म्हणजे पोहोचता न येणारे म्हणून, त्याच इंटरफेसवर जाहीर करतो. ते अपडेट वाईलाही मिळते, पण त्यातून वाईला मार्ग मिळत नाही.

फ्रेम रिलेवर काम केलेल्यांना आणखी एक खाच माहीत असते. सिस्कोच्या राउटरवर फ्रेम रिलेच्या मुख्य इंटरफेसवर रिपसाठी स्प्लिट होरायझन मुळातच बंद असतो, मल्टिपॉइंट सबइंटरफेसवर (मुख्य इंटरफेसच्या आभासी उपभागावर) तो चालू असतो, आणि ईआयजीआरपीसाठी मात्र तो दोन्हीकडे चालूच असतो. त्यामुळे चालू असलेली मांडणी मुख्य इंटरफेसवरून सबइंटरफेसवर हलवली की एकही आज्ञा न बदलता मार्ग नाहीसे होऊ शकतात.

आधी लक्षण नीट ओळखावे

शाखेला मार्ग दिसत नाहीत म्हणजे दोष स्प्लिट होरायझनचाच, असे नाही. वाईला मुख्यालयाची १०.१०.१.० दिसते पण कराडची १०.१०.२.० दिसत नाही, असे असेल तरच संशय या नियमावर घ्यावा. वाईला काहीच दिसत नाही आणि साताऱ्याला मात्र वाईची लॅन दिसते, असे असेल तर साताऱ्याची मल्टिकास्ट (एकदम अनेकांसाठी असलेली) पाकिटे शाखेकडे जातच नाहीत. रिपची दुसरी आवृत्ती २२४.०.०.९ या पत्त्यावर आणि ईआयजीआरपी २२४.०.०.१० या पत्त्यावर अपडेट पाठवते. डीएमव्हीपीएन या सिस्कोच्या मल्टिपॉइंट टनेल-पद्धतीत हबला प्रत्येक शाखेसाठी त्याची वेगळी प्रत काढावी लागते, आणि त्यासाठी हबवर ‘आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट डायनॅमिक’ ही आज्ञा असावी लागते (एनएचआरपी हा टनेलच्या टोकांचे खरे पत्ते शोधणारा प्रोटोकॉल). ती राहिली असेल, तर स्प्लिट होरायझन बंद करून काहीही साध्य होणार नाही.

तिसरे लक्षण सर्वांत फसवे आहे. साताऱ्याच्या टेबलमध्ये १०.०.०.०/८ हा एकच मार्ग तिन्ही शाखांकडे समान अंतराने दिसतो आणि पाकिटे कधी पोहोचतात, कधी हरवतात. आपल्या उदाहरणात लॅन १० च्या मोठ्या नेटवर्कमध्ये आणि टनेल १७२.१६ मध्ये असल्यामुळे रिप सीमा ओलांडताना आपोआप सारांश करते (लहान नेटवर्क एका मोठ्या नोंदीत मिळवते) व प्रत्येक शाखा संपूर्ण १०.०.०.० आपलेच असल्याचे सांगते. म्हणून रिप वापरताना प्रत्येक राउटरवर ‘व्हर्शन २’ आणि ‘नो ऑटो-समरी’ या दोन आज्ञा पहिल्याच दिवशी द्याव्यात.

शाखेला काय कळायला हवे, हे ठरवावे

वाईच्या राउटरकडे बाहेर जाण्याचा मार्ग एकच आहे: टनेलमधून साताऱ्याकडे. कराडकडे जाणारे पाकीट असो वा फलटणकडे जाणारे, ते साताऱ्यालाच द्यायचे आहे. मग कराड आणि फलटण यांची वेगवेगळी नोंद ठेवून वाईच्या निर्णयात काय फरक पडतो? काहीच नाही. शाखेला हवा असतो तो एकच व्यापक मार्ग, आणि तो हबने स्वतःच्या अधिकारात सांगितला तर स्प्लिट होरायझन आड येत नाही, कारण तो मार्ग टनेलवरून शिकलेला नसतो.

रिपमध्ये हे करण्यासाठी साताऱ्यावर १०.१०.०.०/१६ हा स्थिर मार्ग ‘नल ०’ इंटरफेसकडे द्यावा आणि तो रिपमधून जाहीर करावा. साताऱ्याकडे प्रत्येक शाखेची /२४ नोंद असल्यामुळे खरी पाकिटे अधिक नेमक्या नोंदीनुसार योग्य शाखेत जातात. ज्या शाखेची नोंद नाहीशी झाली आहे, तिच्यासाठी आलेली पाकिटे नलमध्ये टाकून दिली जातात आणि चुकून इंटरनेटच्या डिफॉल्ट मार्गाने (दुसरी नोंद न जुळल्यास वापरायच्या मार्गाने) बाहेर पडत नाहीत. इंटरफेसवर ‘आयपी समरी-ॲड्रेस रिप’ ही आज्ञा देण्याचा मोह इथे होतो, परंतु त्या इंटरफेसवर स्प्लिट होरायझन चालू असेल तर तो सारांश जाहीरच होत नाही. ईआयजीआरपीमध्ये अशी अडचण नाही. टनेलवर ‘आयपी समरी-ॲड्रेस ईआयजीआरपी’ या आज्ञेने तोच /१६ सारांश द्यावा. नलकडील नोंद राउटर स्वतः तयार करतो.

सारांशाऐवजी डिफॉल्ट मार्ग दिला तर चालेल का? खासगी भाडेपट्ट्याच्या लाइनवर चालेल. टनेल इंटरनेटवरून जात असेल तर मात्र जपून पाऊल टाकावे. शाखेत इंटरनेट पुरवठादाराकडे जाणारा स्थिर डिफॉल्ट मार्ग आधीच असतो, आणि त्याचे प्रशासकीय अंतर (मार्गाच्या विश्वासार्हतेचा दर्जा; कमी तो पसंतीचा) १ असल्यामुळे १२० अंतराचा रिपचा डिफॉल्ट टेबलमध्ये शिरतच नाही. तो स्थिर मार्ग काढून टाकावा, तर टनेलच्या पलीकडच्या टोकाचा सार्वजनिक पत्ताच टनेलमधून शोधला जाऊ लागतो, आणि टनेल स्वतःच्याच पोटात शिरू पाहून पुन्हापुन्हा बंद पडतो. पुरवठादाराकडील इंटरफेस वेगळ्या व्हीआरएफमध्ये (त्याच राउटरमधील स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) ठेवून यातून मार्ग काढता येतो, पण लहान जाळ्यात /१६ चा सारांश हा सोपा आणि पुरेसा उपाय आहे.

शाखा मोजक्याच असतील, तर प्रत्येक शाखेसाठी वेगळा पॉइंट-टू-पॉइंट टनेल करणे हाही एक सरळ उपाय आहे. मग प्रत्येक शेजारी स्वतंत्र इंटरफेसवर येतो आणि नियम व हेतू यांतील फरक मिटतो. दर शाखेमागे एक इंटरफेस आणि एक /३० किंवा /३१ चे नेटवर्क खर्च होते, म्हणून शाखा वाढू लागल्यावर हे सांभाळणे जड जाते.

नियम बंद करायचाच असेल तर

शाखा-शाखांमध्ये थेट टनेल उभे राहायला हवेत आणि त्यासाठी प्रत्येक शाखेला इतर शाखांचे तपशीलवार मार्ग लागतात, ही नियम बंद करण्याची योग्य जागा आहे. डीएमव्हीपीएनच्या दुसऱ्या टप्प्याची रचना अशीच आहे. वाईला कराडचा मार्ग कळायला हवा आणि त्याचा पुढचा टप्पा (पाकीट ज्या राउटरला द्यायचे तो) सातारा नव्हे तर १७२.१६.०.२ म्हणजे खुद्द कराड असायला हवा. त्यासाठी ईआयजीआरपीमध्ये हबच्या टनेलवर ‘नो आयपी स्प्लिट-होरायझन ईआयजीआरपी १००’ आणि ‘नो आयपी नेक्स्ट-हॉप-सेल्फ ईआयजीआरपी १००’ अशा दोन आज्ञा लागतात. इथे १०० हा ईआयजीआरपी सुरू करताना दिलेला स्वायत्त प्रणालीचा क्रमांक आहे. पहिली दिली आणि दुसरी विसरली, तर मार्ग दिसतात, पण सारी वाहतूक साताऱ्यावरूनच जात राहते. ईआयजीआरपीवरील या आज्ञेने त्या इंटरफेसवरील सर्व शेजाऱ्यांशी असलेले नाते एकदा तुटून पुन्हा जुळते, म्हणून हा बदल कामकाजाच्या वेळेत करू नये. रिपसाठी ‘नो आयपी स्प्लिट-होरायझन’ पुरते, आणि मूळ पुढचा टप्पा कळवण्यासाठी रिपच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाकिटात स्वतंत्र रकाना आहे.

आता सर्वांत महत्त्वाची अट: नियम फक्त हबवर बंद करावा, शाखांवर तो चालूच ठेवावा. कारण असे आहे. हबवर नियम बंद झाला की सातारा कराडची लॅन खुद्द कराडलाही सांगू लागतो. एरवी कराड तिकडे लक्ष देत नाही, कारण त्याची स्वतःची जोडणी अधिक जवळची आहे. पण कराडची लॅन बंद पडली, त्याने पाठवलेले १६ अंतराचे अपडेट वाटेत हरवले आणि त्याच क्षणी साताऱ्याचे नेहमीचे अपडेट आले, तर आपल्या लॅनकडे साताऱ्यावरून जाता येते असे कराडला वाटू शकते. रिप यूडीपीवर चालते आणि पोचपावती घेत नाही, त्यामुळे ही शक्यता निव्वळ कागदावरची नाही. अशा वेळी शाखेवर नियम चालू असेल, तर हा मार्ग टनेलवर शिकलेला असल्यामुळे कराड तो साताऱ्याला परत सांगत नाही. साताऱ्याची जुनी नोंद ताजी होत नाही आणि १८० सेकंदांनी ती बाद होते. तोवर त्या लॅनची पाकिटे दोन राउटरांमध्ये टीटीएल (पाकिटाच्या टप्प्यांची मर्यादा) संपेपर्यंत फिरतात, पण गोंधळाला मर्यादा असते. शाखेवरही नियम बंद असेल, तर कराड एक अंतर वाढवून तोच मार्ग साताऱ्याला सांगतो, सातारा आणखी एक वाढवून कराडला सांगतो, आणि ही मोजणी १६ वर जाऊन थांबेपर्यंत दोघेही एकमेकांच्या भरवशावर राहतात.

अपडेटचा भार आधी मोजावा

तीन शाखांच्या जाळ्यात नियम बंद केल्याचा भार जाणवत नाही. दोनशे शाखांचे गणित मात्र करून पाहण्यासारखे आहे. रिपच्या एका पाकिटात जास्तीत जास्त २५ मार्ग बसतात. प्रत्येक शाखेची एक लॅन धरली तर २०० मार्गांसाठी ८ पाकिटे लागतात. हबला त्यांची प्रत प्रत्येक शाखेसाठी काढावी लागते, म्हणजे दर ३० सेकंदांनी १,६०० पाकिटे. भरलेल्या पाकिटात रिपचे ५०४ बाइट असतात, त्यात यूडीपी आणि आयपीची शीर्षके धरून ५३२ बाइट होतात. एकूण ८,५१,२०० बाइट, म्हणजे सुमारे ६८ लाख बिट, प्रत्येक फेरीला. जीआरई (टनेलचे वेष्टन) आणि आयपीसेक (सांकेतिकीकरण) यांचा भार निराळा. सरासरी काढली तर सेकंदाला २.२७ लाख बिट येतात आणि आकडा फारसा भीतिदायक वाटत नाही, पण अपडेट सरासरीने जात नाहीत, झुंडीने जातात. फ्रेम रिलेच्या काळात सिस्कोच्या सिरियल इंटरफेसवर प्रसारण-रांगेत मुळात ६४ पाकिटांचीच जागा असे. अशा रांगेत १,६०० पाकिटे एकदम आली तर बहुतेक गळतात, आणि लागोपाठची सहा अपडेट न मिळाल्यास शाखेकडील मार्ग १८० सेकंदांनी बाद होतो. शाखा दुप्पट झाल्या की पाकिटे चौपट होतात: ४०० शाखांना ६,४००.

याच दोनशे शाखांना फक्त /१६ चा सारांश पाठवला, तर प्रत्येक फेरीला ५२ बाइटचे एक पाकीट प्रत्येकी, म्हणजे एकूण १०,४०० बाइट पुरतात. रिपमध्ये तपशीलवार मार्ग वाटण्याच्या मी विरोधात आहे, त्याचे मुख्य कारण हे गणित आहे. बदल लवकर पोहोचावेत म्हणून काही जण अपडेटचा काळ ३० वरून १० सेकंदांवर आणतात. तसे करायचे असेल तर सर्व राउटरांवर एकच मूल्य ठेवावे आणि वरचे आकडे तिपटीने वाढवून घ्यावेत.

ईआयजीआरपी ठरावीक काळाने संपूर्ण टेबल पाठवत नाही. बदल झाला तरच तेवढाच कळवते आणि प्रत्येक शेजाऱ्याकडून पोचपावती घेते. म्हणून तिथे हा भार कमी असतो, पण दुसरे संकट असते. कराडची लॅन गेली आणि साताऱ्याकडे पर्यायी मार्ग तयार नसला, तर सातारा उरलेल्या प्रत्येक शाखेला क्वेरी पाठवतो: तुमच्याकडे या नेटवर्कचा मार्ग आहे का? सर्वांची उत्तरे येईपर्यंत तो मार्ग ‘ॲक्टिव्ह’ अवस्थेत अडकून राहतो. एखाद्या शाखेची लाइन खराब असेल आणि तिचे उत्तर वेळेत आले नाही, तर मुळात ३ मिनिटांच्या मुदतीनंतर तिच्याशी असलेले नातेच तोडले जाते, आणि एका शाखेतील बिघाडाची झळ दुसऱ्या निरोगी शाखेला बसते. शाखांकडे पर्यायी मार्ग असण्याची शक्यताच नसताना त्यांना विचारणे व्यर्थ आहे. म्हणून प्रत्येक शाखेवर ‘ईआयजीआरपी स्टब’ ही आज्ञा द्यावी. मग शाखा आपल्या जोडलेल्या नेटवर्कखेरीज आणि स्वतःच्या सारांशाखेरीज काही जाहीर करत नाही आणि हब तिला क्वेरी पाठवत नाही. या विषयात एकच आज्ञा निवडून द्यायची झाली, तर मी ही देईन.

डीएमव्हीपीएनच्या तिसऱ्या टप्प्यात तपशीलवार मार्ग वाटण्याची गरज उरत नाही. हब फक्त सारांश जाहीर करतो. वाईचे पहिले पाकीट साताऱ्यावरून कराडकडे जाते, त्याच वेळी सातारा वाईला एनएचआरपीद्वारे जवळची वाट असल्याचे कळवतो आणि वाई थेट टनेल उभारतो. हबवर ‘आयपी एनएचआरपी रीडायरेक्ट’ आणि शाखांवर ‘आयपी एनएचआरपी शॉर्टकट’ दिले की हे साधते व स्प्लिट होरायझन चालू राहू शकतो. नवे जाळे उभारणाऱ्याने दुसऱ्या टप्प्याकडे न वळता थेट हीच रचना निवडावी.

दोन हब असतील तेव्हा

दुसरा हब जोडल्यावर प्रत्येक शाखेला दोन टनेल मिळतात आणि स्प्लिट होरायझनचे संरक्षण तोकडे पडते, कारण पहिल्या टनेलवर शिकलेला मार्ग दुसऱ्या टनेलवर सांगण्यास त्याची हरकत नसते. कराडची दुसऱ्या हबशी असलेली जोडणी तुटली, तर दुसऱ्या हबला कराडचा मार्ग वाईकडून कळू शकतो, आणि मुख्यालयाची वाहतूक वाईच्या लहानशा लाइनवरून वाहू लागते. ईआयजीआरपीमध्ये स्टब हे रोखतो. रिपमध्ये प्रत्येक शाखेवर बाहेर जाणाऱ्या अपडेटला ‘डिस्ट्रिब्यूट-लिस्ट’ ही गाळणी लावून फक्त तिची स्वतःची लॅन जाहीर होऊ द्यावी. पहिला हब अचानक बंद पडल्यास रिपला दुसरीकडे वळायला सिस्कोच्या मूळ मूल्यांनुसार, होल्डडाउन (बाद मार्गाविषयी नवी माहिती न स्वीकारण्याचा काळ) धरून, ४ मिनिटांपर्यंत लागू शकतात. हा विलंब परवडत नसेल तर दोन हबांच्या जाळ्यात रिप वापरू नये.

तपासणी करताना

नियम चालू आहे की बंद, हे रिपसाठी ‘शो आयपी इंटरफेस टनेल ०’ मध्ये दिसते. ईआयजीआरपीची स्थिती तिथे दिसत नाही. ती ‘शो आयपी ईआयजीआरपी इंटरफेसेस डिटेल’ मध्ये पाहावी. अपडेटमध्ये प्रत्यक्ष काय जाते ते ‘डीबग आयपी रिप’ दाखवते, पण शेकडो शाखांच्या हबवर ती आज्ञा देऊ नये. एखाद्या शाखेच्या राउटरवर ती काही फेऱ्यांपुरती चालवली तरी हबकडून येणारे सर्व मार्ग दिसतात.

शेवटची चाचणी पिंगने करताना पाकिटाचा स्रोत लॅनचा पत्ता असेल याची खात्री करावी. वाईच्या राउटरवरून १७२.१६.०.२ ला नुसते पिंग केले तर ते यशस्वी होऊ शकते, कारण टनेलचे नेटवर्क सर्वांनाच थेट जोडलेले आहे. त्यावरून लॅनचे मार्ग पोहोचले की नाही हे कळत नाही. १०.१०.३.१ हा स्रोत देऊन १०.१०.२.१ ला पिंग करावे, नंतर कराडवरून उलट दिशेने करावे, आणि ‘ट्रेसराउट’ चालवून पाकीट साताऱ्यावरून गेले की थेट, हे आपण ठरवलेल्या रचनेशी ताडून पाहावे. त्यानंतर कराडची लॅन जाणीवपूर्वक बंद करून वाईवरून पुन्हा ‘ट्रेसराउट’ करावे. सारांशाच्या रचनेत पाकीट साताऱ्यालाच संपले पाहिजे. दोन पत्ते आलटून पालटून दिसू लागले तर कुठल्या तरी शाखेवर स्प्लिट होरायझन बंद राहिला आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.